"विषबाधा झाली" म्हणून मोकळे होऊ नका, नमुना दाखवा



या पानावर आपण धान, तुडतुडा, खोडकिडा, बोडीचं पाणी अन् युरियाची रांग एवढंच लिहितो. आज जेवणाबद्दल लिहितो. पण विषय शेतकऱ्याचाच हाये, म्हणून शेवटपर्यंत वाचा. कृषी सहायक अन् कृषी विज्ञान केंद्राचे साहेब लोक बी हे पान वाचतात. त्यांनी तर जरूर वाचा, त्यांच्यासाठी बी खाली दोन शब्द हायेत.

दरवर्षी लग्नसराई लागली, आश्रमशाळा उघडल्या, गावोगावी भंडारे सुरू झाले की बातमी ठरलेली असते. "जेवणातून इतक्या जणांना विषबाधा." दुसरी ओळ बी ठरलेली. "अन्नाचे नमुने तपासणीसाठी पाठवण्यात आले आहेत." तिसरी ओळ, म्हणजे नमुन्यात काय सापडलं, ती मी तरी पेपरात क्वचितच वाचली. रुग्ण घरी जातात, सलाईनच्या बाटल्या फेकल्या जातात, फाईल बंद.

माझं पहिलं भांडण या "विषबाधा" शब्दाशी हाये. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता शेतकरी अन् मजूर मेले, ती बी विषबाधा. रात्रभर झाकून ठेवलेला मसालेभात खाऊन पोरं ओकली, ती बी विषबाधा. एक कीटकनाशकाचं विष, दुसरं जंतूंचं. दोन्हीला एकच शब्द असल्यामुळे सामान्य माणसाच्या डोक्यात एकच चित्र येतं: शेतकरी, पाठीवर पंप, अन् नळीतून निघणारं औषध. शब्दच असा हाये की आरोपी आधी ठरतो, तपास मागून होतो. होतच असेल तर.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका लग्नात असंच झालं. गावाचं नाव घेत नाही, कुणाच्या घरचं कार्य होतं ते बी नाही. चाळीसेक माणसं रात्री ओकायला लागली. सकाळपर्यंत चर्चा पक्की: "वांग्याच्या भाजीनं झालं, वांग्यावर औषध मारलं होतं." वांगी माझ्या वावरातली होती. आठवडी बाजारात तीन हप्ते माझ्या पालासमोर कोणी थांबेना. कीटकनाशकाच्या विषात, आपण ऑर्गनोफॉस्फरस म्हणतो त्या औषधात, लाळ गळते, घाम सुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. फवारणी करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे माहीत हाये. त्या चाळीस माणसांच्या बाहुल्या पाहिल्या का, हे विचारणारा कोणी नव्हता. भाजीचा नमुना घेतला का? नाही. भाताचा? उरलेला भात सकाळीच गुरांपुढं टाकला होता. मंग माझं वांगं दोषी ठरलं कशावरून? सांगा बापा.

आता कोणी म्हणेल, एका वांगेवाल्याचं रडगाणं हाये. तं जर्मनीचं ऐका. २०११ च्या मे महिन्यात तिकडे ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, पन्नासच्या वर मेले. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईघाईत जाहीर केलं की स्पेनमधून आलेल्या काकडीत ई. कोलाय सापडला. झालं. युरोपभर स्पेनची काकडी, टमाटर, सगळंच सडलं. पुढं प्रयोगशाळेत जंतूची नीट ओळख पटवली तर कळलं, काकडीवरचा ई. कोलाय वेगळ्या जातीचा अन् माणसं मारणारा वेगळ्या जातीचा. खरा धागा निघाला मोड आलेल्या मेथीचा, अन् मेथीचं बियाणं इजिप्तहून आलेलं. स्पेनच्या शेतकऱ्याला निर्दोष कोणी ठरवलं? प्रयोगशाळेनं. त्याला दोषी बी अर्धवट तपासणीनंच ठरवलं होतं, हे पण ध्यानात ठेवा. अर्धी तपासणी ही न केलेल्या तपासणीपेक्षा वाईट.

अन् उलटं उदाहरण आपल्या देशातलं. १६ जुलै २०१३, बिहारचा सारण जिल्हा, गंडामन गाव. शाळेचं जेवण जेवून २३ लेकरं मेली. तिथं तपासणीत मोनोक्रोटोफॉस निघालं, म्हणजे कीटकनाशकच. तिथं औषध होतं तं औषध म्हणा, काही तक्रार नाही. पण पुरावा काढून म्हणा.

आता आपल्या भाताकडे या. आपला जिल्हा धानाचा. म्हणून आपल्याला जो जंतू पाठ पाहिजे तो म्हणजे बॅसिलस सेरियस. हा मातीतच राहतो, बांधीत राहतो, धानासोबत घरात येतो. वाईट वेळ आली की हा बीजाणू करून बसतो, जसं काही तणाचं बी वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहते. भात शिजला तरी बीजाणू मरत नाही. भात गरम असेस्तोवर काही होत नाही. पण मोठ्या गंजात भात झाकून ठेवला, मधला भाग तासन् तास कोमट राहिला, की बीजाणू उगवतो अन् वाढायला लागतो. चांगली परिस्थिती मिळाली तर असे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करा: एकाचे सात तासांत वीस लाखांच्या वर. वाढता वाढता भातात तो एक विष सोडतो, अन् ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. वास नाही, चव नाही. शाळेत पोषण आहार वाटायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची असते. घ्या बापा, पण चवीनं हे कळत नाही. चव घेणारा गुरुजीच पहिला ओकणार, एवढाच फायदा.

इथं जुनी मंडळी मला म्हणतात, "आमी जन्मभर बासी खाल्ली, काय झालं?" काका, बासी वेगळी अन् झाकलेला कोरडा भात वेगळा. बासीत भात पाण्यात बुडवतो, ते पाणी आंबते. आंबवणारे जंतू आम्ल तयार करतात अन् आंबट पाण्यात बाकीच्यांना नीट वाढता येत नाही. तुमच्या आईनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण रीत बरोबर होती. त्यातही भात ताजा असतानाच पाण्यात टाकायचा, रात्रभर उघडा ठेवून सकाळी पाणी ओतलं तर ती बासी नव्हे. अन् पंगतीतला तेलातुपाचा, वाटाणे-काजू घातलेला मसालेभात काही बासी नव्हे. त्याला "बापजाद्यांनी खाल्लं" म्हणून पास करू नका.

तपासणी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगत नाही म्हणून ते जादूटोण्यासारखं वाटते. खरं तर आपण सगळे ते वावरात करतो. पेरणीआधी ओल्या बारदान्यात शंभर दाणे ठेवून उगवण बघता ना? प्रयोगशाळेत जंतूंची उगवण बघतात. एक ग्रॅम अन्न नऊ मिली पाण्यात, त्यातलं एक मिली पुन्हा नऊ मिलीत, असं दहा-दहा पटीनं पातळ करत जायचं. मंग त्यातलं एक मिली काचेच्या ताटलीत जंतूंच्या खाद्यावर टाकायचं. ते खाद्य अगर नावाच्या समुद्री शेवाळाच्या पदार्थानं घट्ट केलेलं असते. एका दिवसात एकेका जंतूचा ठिपका उगवतो. तिसऱ्या पातळीच्या ताटलीत ४५ ठिपके मोजले, म्हणजे ग्रॅमला ४५ हजार. बॅसिलस सेरियस ग्रॅमला लाखाच्या वर गेला की धोका समजतात. त्याच्या ताटलीत अंड्याचा बलक घालतात. गुलाबी ठिपका अन् भोवती पांढरट कडं आलं, की हा तोच असावा. मंग पुढच्या खात्रीच्या चाचण्या.

साल्मोनेलाचं जरा लांब हाये. अन्नात तो थोडा असला तरी आजारी पाडू शकतो, म्हणून मोजत बसत नाहीत, हाये की नाही एवढंच बघतात. २५ ग्रॅम अन्न २२५ मिली पोषक पाण्यात रात्रभर ३७ अंशांवर. अर्धमेला जंतू बी उठून बसावा म्हणून. मंग अशा पाण्यात टाकतात की बाकीचे जंतू दबतील अन् साल्मोनेला वाढेल. आपण धानात निवडक तणनाशक मारतो, सावा मरतो अन् धान राहते, हुबेहूब तसंच. मंग ताटलीवर लाल ठिपका, मधात काळा. मंग खात्री. असे चार-पाच दिवस जातात. पीसीआर आपल्याला कोरोनानं शिकवलं, त्यानं लवकर होते. पण पीसीआर मेलेल्या जंतूला बी पकडते, अन् जंतूनं आधी सोडलेलं विष त्याला दिसत नाही.

हा मुद्दा सोडून देऊ नका, कारण सगळी फसवणूक इथंच होते. स्वयंपाक्याच्या हाताला फोड असला तर स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू खव्यात, बासुंदीत, पेढ्यात जातो, वाढतो, विष सोडतो. पदार्थ पुन्हा उकळला की जंतू मरते, विष राहते. नमुना गेला, ताटलीत काही उगवलं नाही, अहवाल आला: "हानिकारक जंतू आढळले नाहीत." लगेच केटरर हार घालून फिरायला मोकळा. जंतू नाही सापडला याचा अर्थ जेवण चांगलं होतं असा होत नाही. विषाची वेगळी चाचणी केली का, हे विचारा. अहवालात काय तपासलं त्याची यादी मागा. नुसतं "योग्य" लिहून आलेला कागद घेऊन परत येऊ नका.

अन् नमुना पोचला कसा? जंतू म्हणजे काही सिमेंट नव्हे की पोत्यात भरून कधी बी पाठवलं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत नमुना गाडीच्या डिकीत पडून राहिला तर जे नव्हते ते वाढतात, जे होते ते मरतात. नमुना उकळून घेतलेल्या स्वच्छ डब्यात, स्वच्छ चमच्यानं, बर्फात पाहिजे. गोठवायचा नाही, थंड ठेवायचा. दुधाचं तं आणखी अजब. दुधाचा नमुना नासू नये म्हणून त्यात फॉर्मलिन टाकायची जुनी रीत हाये. फॅट अन् भेसळ बघायला ती चालते. पण फॉर्मलिन जंतू मारतेच. तोच नमुना जंतूसाठी पाठवला तर काय डोंबल सापडणार? दूध संकलनावर बी तसंच, फॅट अन् एसएनएफवर भाव. मिथिलीन ब्लूची चाचणी किती जुनी अन् किती स्वस्त! दहा मिली दुधात एक मिली निळा रंग, कोमट पाण्यात नळी ठेवा, रंग जितका लवकर उडाला तितके जंतू जास्त. पाच तास टिकला तर दूध उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर दूध गेलं. स्वच्छ धार काढणाऱ्या बाईला त्याचे दोन रुपये जास्त मिळाले तर गोठे आपोआप सुधारतील. पण नाही.

"इतक्या मोठ्या तपासण्या खेड्यात कुठं व्हतात?" हे मला एका शिकलेल्या माणसानं विचारलं. व्हतात ना. पिण्याच्या पाण्याच्या होतात. गावचा जलसुरक्षक ती छोटी बाटली भरतो, एक-दोन दिवस ठेवतो, काळी झाली की पाणी खराब. ती बाटली म्हणजे जंतू उगवायची चाचणीच हाये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या भारतीय शास्त्रज्ञांनी ती १९८२ साली जगापुढं मांडली अन् आज कितीतरी देशांत वापरतात. पाण्यासाठी ग्रामपंचायतीला लाल कार्ड, हिरवं कार्ड. मातीसाठी २०१५ पासून आरोग्य पत्रिका, बारा गोष्टी तपासून. लेकराच्या ताटासाठी मात्र चव रजिस्टर. अन् साधनं नाहीत म्हणणाऱ्यांनी शंभुनाथ डे यांचं नाव वाचावं. कलकत्त्यात, तुटपुंज्या साधनांत, सशाच्या आतड्यावर प्रयोग करून या माणसानं १९५९ साली दाखवलं की कॉलऱ्याचा जंतू विष सोडून माणसाला मारतो.

कायदा काय म्हणते ते बी सांगतो, कारण ऑफिसात गेलं की पहिले कायदा दाखवतात. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. अन्न विश्लेषकानं नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा. कलम ६५ मध्ये भरपाई हाये: खाण्यानं मृत्यू झाला तर कमीत कमी पाच लाख, गंभीर इजेला तीन लाखांपर्यंत, बाकी इजेला एक लाखापर्यंत. पण पुरावा कुठून आणणार, नमुनाच नाही तं? कलम ४० म्हणते, साधा गिऱ्हाईक बी फी भरून अन्न तपासून घेऊ शकते. वा! पण खाली अट: विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासणार हाये. म्हणजे समोसा हातात घेतानाच म्हणायचं, "भाऊ, उद्या मी ओकणार हाये, तयार राहा." ही अट कोणी लिहिली असेल त्याला एकदा आमच्या बाजारात आणा.

काही शेतकरी मित्र घाबरतात, की लॅब आली म्हणजे आपल्याच गळ्याला फास, उद्या भाजीचे नमुने घेऊन दंड करतील. त्यांनी कलम १८ वाचावं. शेतकरी, मच्छीमार, शेतीचं काम अन् शेतकऱ्याच्या पातळीवरचा माल, यांना हा कायदा लागू नाही असं त्यात स्पष्ट लिहिलं हाये. आपल्याला तपासणीचं भय नाही, तपासणी नसण्याचं भय हाये. पंगतीत दोष कुणाचा, हे उठवळ जीभ ठरवते तोवर तो वावरावरच येणार.

आता कृषीवाल्या साहेबांना. तुमी जीवामृताची प्रात्यक्षिकं घेता, चांगलं हाये, मी बी टाकतो. पण ताज्या शेणात ई. कोलाय अन् साल्मोनेला असू शकते, हे त्या शिबिरात सांगत जा. धानाला चालते, धान शिजते. सांबार, काकडी, मुळा, गाजर कच्चं खातात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण टाकल्यापासून तोडणीपर्यंत, माल मातीला लागत असेल तर १२० दिवस अन् लागत नसेल तर ९० दिवसांचं अंतर हाये. आपल्याकडे सांबार चाळीस-पन्नास दिवसांत निघते. मंग काय करायचं? शेण चांगलं कुजवून पेरणीआधी द्यायचं, उभ्या सांबारावर शेणाचं पाणी मारायचं नाही, अन् धुवायला डबक्याचं पाणी वापरायचं नाही. हे चार्टवर लिहा. कीटकनाशकाचा काढणीपूर्व कालावधी आमच्याकडून पाठ करून घेता, शेणाचा बी करून घ्या.

मला काय पाहिजे ते आता सरळ सांगतो. जिथं शंभराच्या वर माणसं जेवतात, आश्रमशाळा असो, वसतिगृह असो की केटरर, तिथं प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये तीन दिवस राखून ठेवा. खर्च किती? एक वाटी. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीचा थंड डबा अन् बर्फाच्या पट्ट्या असतात, तसाच एक डबा अन्नाच्या नमुन्यासाठी वेगळा ठेवा. लसीचा तोच वापरू नका. डॉक्टर साहेबांनी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी दोन-चार रुग्णांची शौचाची तपासणी घ्यावी, नाही तं औषधानं जंतू दबतात अन् पुरावा जाते. अन् घड्याळ लिहा. जेवला किती वाजता, ओकला किती वाजता. एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू झाल्या तर भाताचं किंवा स्टॅफिलोकोकसचं तयार विष. आठ-सोळा तासांनी पोट मुरडून हगवण लागली तर दुसरे जंतू. साल्मोनेलाला सहा तासांपासून तीन दिवस बी लागतात. म्हणजे आज ओकला तं दोष आज सकाळच्याच जेवणाचा, असं होत नाही. ही तपासणी फुकट हाये, वही अन् पेन लागते.

कायद्याचा नमुना नागपूरला जाऊ द्या, त्याला हरकत नाही. पण गोंदियात २०१६ पासून सरकारी मेडिकल कॉलेज हाये. मेडिकल कॉलेज म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आला, ताटल्या आल्या, इन्क्युबेटर आला, माणसं आली. रुग्णाची शौच तपासता येते तर त्याच्या ताटातला भात बी त्याच टेबलाशेजारी तपासता येईल. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावच्या लेकराच्या जेवणाचा नमुना त्याच दिवशी तिथं पोचू शकतो. कोर्टासाठी नाही, कारण कळण्यासाठी. त्यासाठी जिल्हा परिषदेनं अन् कॉलेजनं एकत्र बसून एक आदेश काढायचा हाये.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार हाये: राखीव वाटी, थंड डबा, घड्याळाची नोंद अन् मेडिकल कॉलेजात अन्नासाठी टेबल. कच्चा मजकूर लिहून झाला, उद्या याच पानावर टाकतो. आपल्या गावाचं नाव घालून वापरा, माझं नाव टाकायची गरज नाही. ज्यांच्या गावात मागच्या दोन-तीन वर्षांत अशी घटना झाली अन् अहवालाचा कागद हातात आला, त्यांनी त्यात नेमकं काय तपासलं ते खाली लिहा. माणसांची नावं टाकू नका.